मांजरसुंब्याला उतरा, पुढची गाडी तिथं मिळेल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर कॉम्प्युटरचंच काहीतरी सांग. आणि लोकांना झोप येऊ देऊ नको." वर वेळ दिली जेवणानंतरची. पुरणपोळीशी सामना करणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, पण प्रयत्न करते.

विषय एकच आहे. घरातल्या एका जुन्या लॅपटॉपच्या पोटात कॉम्प्युटरचं अख्खं नेटवर्क उभं करता येतं, मोडता येतं, परत जोडता येतं, आणि या खटाटोपातून माणूस नेटवर्किंग खरोखर शिकतो. एकदा सामान भरून घेतलं की त्याला इंटरनेट लागत नाही. बॅटरी धड असेल तर तासभर लाईटही लागत नाही. म्हणजे जे पुण्यात बसून शिकता येतं ते पालीत बसूनही शिकता येतं.

आधी नेटवर्किंग म्हणजे काय ते सांगते. खरं तर इथं बसलेल्या प्रत्येकाला ते लहानपणापासून येतं. पालीहून लातूरला जायचं असलं तर थेट गाडीची वाट बघत कोण बसायचं? मिळेल त्या गाडीत चढायचं आणि कंडक्टर सांगायचा, "मांजरसुंब्याला उतरा, पुढची गाडी तिथं मिळेल." लातूरपर्यंतचा सगळा रस्ता त्याला सांगावा लागत नव्हता, आपल्यालाही पाठ असावा लागत नव्हता. पुढचा एक थांबा कळला की बास. मांजरसुंब्याला कुणीतरी सांगायचं, केजची धरा. केजला कळायचं, अंबाजोगाईची धरा. इंटरनेटवर आपण पाठवतो त्या फोटोचे, निरोपाचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात, आणि ती अशीच जातात. प्रत्येक फाट्यावर एक यंत्र बसलेलं असतं, राउटर. त्याच्याकडे एक तक्ता असतो: अमुक पत्ता असेल तर या दारानं, तमुक असेल तर त्या दारानं. आणि तक्त्यात नसलेला पत्ता आला तर? "बीडला जा, तिथं कुणाला तरी माहीत असेल." याला आम्ही डिफॉल्ट रूट म्हणतो. आपल्या वर्गातला एक जण एसटीत वाहक आहे, समोरच बसलाय. माझं कुठं चुकलं तर त्यानं घंटी मारावी.

मी आधी पाण्याचं उदाहरण घेणार होते. बिंदुसरेचं धरण आपल्या उशाला. बीडच्या वाटेवर खजाना बारव, निजामशाहीतली. दोन बोगदे पाणी आणतात, तिसरा बाहेर नेतो, सगळं उतारावर. पण पाण्याला कुठं जायचं ते ठाऊक नसतं, उतार नेईल तिकडं ते जातं. पॅकेटच्या कपाळावर पत्ता लिहिलेला असतो. म्हणून एसटीच बरी.

हे इतकं सोपं असेल तर शिकायला अडचण काय? अडचण ही, की हातानं केल्याशिवाय येत नाही आणि हातानं करायला यंत्रं लागतात. मी इंजिनिअरिंगला होते तेव्हा आमच्या कॉलेजात एक राउटर होता. एकच. काचेच्या कपाटात, कुलपात. सत्राच्या सुरुवातीला आम्हाला त्याचं दर्शन घडवायचे. बाकी नेटवर्कचे सात थर आम्ही पाढ्यांसारखे पाठ केले, परीक्षेत उतरवले, मार्कही चांगले मिळाले. नोकरीत यंत्रं भरपूर असतात, पण ती चालू असतात. चालू यंत्रावर शिकणं म्हणजे भरलेली गाडी घाटात असताना स्टिअरिंग शिकणं.

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार, रात्री नऊच्या सुमाराची वेळ आठवा. तुमचं व्हॉट्सॲप बंद पडलं होतं. पुष्कळांनी फोन बंद करून चालू केला, काहींनी रिचार्जसुद्धा मारला. झालं होतं असं, की फेसबुक कंपनीत देखभालीचं नेहमीचं काम चालू असताना दिलेल्या एका आज्ञेनं तिच्या डेटा सेंटरना एकमेकांशी जोडणारं जाळं तुटलं. चुकीच्या आज्ञा अडवायला एक सॉफ्टवेअर ठेवलेलं होतं, नेमका त्यातच दोष निघाला. मग त्यांच्या यंत्रांनी "आमच्याकडे यायचा रस्ता असा आहे" हे जगाला सांगणंच थांबवलं. रस्ता कुणाला माहीत नाही, म्हणजे गाव नकाशावरून गेलं. दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर अवलंबून होती, त्यामुळं माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत जावं लागलं. सगळं रुळावर यायला सहा तासांच्या आसपास लागले. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, म्हणून मोडण्यासाठी वेगळी जागा लागते. पहिलवान आधी तालमीत पडतो आणि मग फडात उतरतो, तसं.

मला स्वतःला हे शिकायची वेळ चाळिशी ओलांडल्यावर आली. वीस वर्षं मी प्रोग्रॅम लिहीत होते. नेटवर्क हे दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांचं काम होतं. मग सगळा कारभार क्लाउडवर गेला, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानंच त्याचं नेटवर्कही आखायचं अशी पद्धत आली. आमच्या टीमची फेररचना झाली. ज्यांना नेटवर्क येतं ते नव्या कामावर, बाकीच्यांचं 'बघू'. कंपनीतल्या 'बघू'चा अर्थ ज्याच्या घराचे हप्ते चालू असतात त्याला बरोबर कळतो. शनिवार-रविवारचे क्लास होते, पण शनिवार-रविवार माझे नव्हते. सासूबाईंचं आजारपण आणि मुलीची दहावी एकाच वर्षी होती. माझ्याकडे होते रात्री दहानंतरचे दीड-दोन तास, डायनिंग टेबल आणि मुलीनं टाकून दिलेला लॅपटॉप.

त्या लॅपटॉपला आठ जीबी रॅम होती. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. ते एका कॉम्प्युटरच्या आत अनेक आभासी कॉम्प्युटर तयार करतं. हाताला लागत नाहीत, पण वागतात अगदी खऱ्यासारखे. प्रत्येकाला अर्धा जीबी रॅम, आत डेबियन लिनक्स, आणि समोर नुसती काळी खिडकी. चित्रं, माउस काही नाही. असे तीन केले आणि त्यांची नावं ठेवली पाली, मांजरसुंबा आणि केज. मांजरसुंब्याला दोन नेटवर्क कार्डं, एक पालीच्या अंगाला, एक केजच्या. पालीचा पत्ता १९२.१६८.१०.२ आणि केजचा १९२.१६८.२०.२. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते १९९६ च्या नियमानुसार खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. तुमच्या घरच्या वायफायवर बहुधा तेच असतील. ते वापरायला कुणाला विचारावं लागत नाही.

पालीला सांगून ठेवलं, अनोळखी पत्ता दिसला की मांजरसुंब्याकडे दे. मग पालीहून केजला हाक मारली. पिंग नावाची आज्ञा आहे, ती फक्त "आहेस का?" एवढंच विचारते. उत्तर नाही. कारण लिनक्स मुळात दुसऱ्याचं टपाल पुढं पाठवत नाही. त्याला तसं सांगावं लागतं, एक खटका शून्याचा एक करावा लागतो. केला. तरी उत्तर नाही. मग मांजरसुंब्याच्या फाट्यावर टीसीपीडम्प लावलं, म्हणजे येणारी-जाणारी प्रत्येक गाडी दिसते. पालीची हाक केजकडे जाताना दिसली. केजहून काही येईना. केजवर जाऊन बघितलं तर हाक पोचलेली होती! केजला उत्तर द्यायचंही होतं, पण पालीचा रस्ताच त्याला माहीत नव्हता.

जायला रस्ता आहे म्हणून यायला असतोच असं नाही. वीस वर्षं मी ऑफिसात ऐकत आले होते, "समोरचा सर्व्हर उत्तर देत नाही." त्यातल्या किती वेळा तो उत्तर देत असेल आणि ते वाटेत हरवत असेल! केजला एक ओळ शिकवली आणि उत्तर आलं. त्या उत्तराबरोबर एक आकडा होता, ६३. लिनक्समधून निघालेलं पॅकेट ६४ तिकिटं घेऊन निघतं आणि प्रत्येक फाट्यावर एक फाडलं जातं. ६३ म्हणजे वाटेत एकच फाटा लागला.

मग मी चौथं यंत्र केलं, बीड. बीडला सांगितलं, अनोळखी असेल ते मांजरसुंब्याला पाठव. मांजरसुंब्याला सांगितलं, बीडला पाठव. आणि कुठंच नसलेल्या पत्त्याचं एक पॅकेट सोडलं. बिचारं हेलपाटे घालत राहिलं, तिकिटं संपली आणि "मुदत संपली" असा निरोप परत आला. सातबाऱ्यासाठी कचेरीत हेलपाटे घातलेल्यांना हे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की तिथं तिकिटं कधी संपत नाहीत.

मोडायच्या आधी स्नॅपशॉट नावाची सोय वापरायची. यंत्राची आहे ती अवस्था जपून ठेवायची, मग वाट्टेल ते करायचं, आणि एका क्लिकवर मागं यायचं. आमच्या पिढीला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण "हात लावू नको, बिघडेल" ऐकत मोठे झालो.

सगळ्यात मजा आली ती राउटरना आपापसात बोलायला लावलं तेव्हा. एफआरआर नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते टाकलं की रस्ते हातानं शिकवावे लागत नाहीत, शेजारी शेजाऱ्याला सांगतात. दर १० सेकंदांनी ते एकमेकांना 'हॅलो' म्हणतात. खरंच सांगते, त्या निरोपाचं अधिकृत नाव 'हॅलो'च आहे. ४० सेकंद हॅलो आलं नाही, की शेजारी गेला असं धरून ते दुसरी वाट शोधतात. मी केजच्या पलीकडे अंबाजोगाई जोडली आणि बीड ते केज एक थेट वायर टाकली. माझ्या लॅबची बांधकाम मंत्री मीच. पालीहून अंबाजोगाईला सतत पिंग चालू ठेवलं आणि मांजरसुंब्यानं केजकडून येणारं सगळं गुपचूप फेकून द्यावं असा नियम लावला. वायर जागेवर, दिवा हिरवा, पण वाहतूक ठप्प. खऱ्या जगात सगळ्यात त्रास देणारा बिघाड हाच. स्क्रीन थांबली. मी मोजत बसले. दहा, वीस, तीस... चाळिशीच्या आसपास उत्तरं पुन्हा यायला लागली, आता बीडवरून. मी टाळ्या वाजवल्या. आतून आवाज आला, "मॅच चालू आहे का?"

चार महिन्यांनी नव्या कामाच्या यादीत माझं नाव आलं. ते सांगायला मी इथं उभी नाही. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे.

माझ्या चुलतभावाची मुलगी बीडला बीएस्सी कॉम्प्युटर करत होती. शेवटच्या वर्षी तिचा फोन आला, "आत्या, पुण्यात नेटवर्किंगचा क्लास आहे. फी साठ हजार, राहणं-खाणं वेगळं." मागून दादाचा आवाज, "सोयाबीननं यंदा काय दिलं ते तिला विचार." आणि त्याच्याही मागून वहिनी, की एक स्थळ आलंय. मी दादाला म्हटलं, पैसे देऊ नकोस, चार महिने दे.

तिच्याकडे जुना, चार जीबीचा लॅपटॉप होता. तीन आभासी यंत्रं चालू केली की तो धापा टाकायचा. पहिल्यांदा तिला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर दिलं. ते फुकट मिळतं, नाव नोंदवावं लागतं, चित्रं काढत शिकता येतं. सुरुवातीला उत्तमच आहे. पण ती नक्कल आहे. करणाऱ्यांनी जेवढं त्यात घातलं तेवढंच ते दाखवतं, खऱ्या यंत्राचा आडमुठेपणा त्यात नाही. जीएनएस-थ्रीवर राउटरचं खरं सॉफ्टवेअर चालवता येतं, पण ते बहुतेक वेळा विकत घ्यावं लागतं, आणि कुणाच्या पेनड्राइव्हवरून उचललेलं मी तिला वापरू दिलं नसतं. तिच्या लॅपटॉपला जमलं ते वेगळंच. लिनक्सच्या आत नुसत्या भिंती घालून स्वतंत्र नेटवर्कं करता येतात, त्यांना नेमस्पेस म्हणतात. एका वाड्यात भावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तसं. वाडा एकच असल्यानं जागा फार लागत नाही. चाळीस-पन्नास ओळींची एक फाइल लिहिली की चार जीबीच्या लॅपटॉपवर दहा राउटर दोन-चार सेकंदांत उभे राहतात. पुसले तरी फाइल राहते.

आमचा वर्ग रविवारी फोनवर भरायचा. रेंज फक्त गच्चीवर, त्यामुळं ती वर येऊन ऐकायची आणि खाली जाऊन करायची. पत्त्यांची विभागणी, ज्याला सबनेट म्हणतात, तिच्या डोक्यात बसेना. शेवटी शेताची वाटणी घेतली. २५६ पत्त्यांचं रान आहे. दोन भावांत वाटलं तर प्रत्येकी १२८. चौघांत वाटलं तर ६४. पण प्रत्येक वाट्याच्या दोन्ही कडांना बांध असतो, त्यावर पेरता येत नाही. पहिला पत्ता नेटवर्कच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना हाळी घालायचा. म्हणून हाती येतात ६२. तिकडून ती म्हणाली, "म्हणजे जितके वाटे जास्त, तितकं बांधात रान जास्त जातं." मी म्हटलं, हे वाक्य तुझ्या आजोबांनी ऐकायला पाहिजे होतं.

गेल्या महिन्यात पुण्यात तिची मुलाखत झाली. समोरच्यांनी दोन यंत्रं दिली, म्हणाले, ही एकमेकांना दिसत नाहीत, शोध. तिनं विचारलं, "आधी परतीचा रस्ता बघू का?" तिला तिथंच कळलं म्हणे, की काम झालं. नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या कक्षात नोकरी आहे. म्हणजे रात्रपाळी आलीच. कंपनीची गाडी आणायला-सोडायला आहे, राहायला मुलींचं वसतिगृह मी स्वतः बघून आले. तरी दादा अजून हो म्हणालेला नाही. सोमवारी रुजू व्हायचं आहे. तो आज इथंच, मागच्या रांगेत बसलाय. मी माइकवरून त्याच्यावर दबाव आणते आहे असं त्याला वाटत असेल, तर ते बरोबर आहे.

आता कामाचं. शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली दर शनिवारी दुपारी आपल्याला द्यायला मुख्याध्यापक सर तयार आहेत, त्यांचे आभार. तिथल्या यंत्रांवर लिनक्स टाकायला मी दोन दिवस थांबले आहे. नववीपासून पुढच्या, आणि शाळा सोडून गेलेल्या मुलामुलींनाही यायला मुभा आहे. प्रत्येकाची लॅब म्हणजे एक लहानशी फाइल, पेनड्राइव्हवर मावणारी. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर गेलेलं पोर उन्हाळ्याच्या तोंडाला परत आलं, तर जिथं सोडलं तिथून पुढं सुरू करू शकतं. वर्गाला तसं थांबता येत नाही, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

यंत्रं कमी आहेत. तुमच्या कपाटात एखादा बंद करून ठेवलेला लॅपटॉप असेल. चार जीबी रॅम असेल तर चालतो, दोन असेल तरी आणा, बघू काय करता येतं. स्क्रीनला तडा चालेल, बॅटरी मेलेली असली तर तीही चालेल, पण कीबोर्ड धड हवा. आतले फोटो आधी काढून घ्या, लग्नाचे असतील तर नक्की. मी रविवारी दुपारपर्यंत संगणक कक्षात आहे. आणि चार्जर विसरू नका, दर वेळी तोच राहतो.